कुंडलीतील घरांच्या भिंती कोणी बांधल्या?



आज एक उदाहरण सोडवू या. लंडन शहरात १० जूनच्या सुमारास, ग्रिनिच वेळेप्रमाणे सकाळी पावणेसात वाजता एक मूल जन्मले असे समजा. (तेथे उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात; म्हणजे तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेआठ वाजलेले असतील.) या मुलाची कुंडली पाश्चात्त्य पद्धतीने मांडायची आहे. हे काम आपण सहा ज्योतिष्यांकडे सोपवले. सहाही जण गणितात पक्के आहेत. त्या क्षणी सूर्य आकाशात कोठे होता, याविषयी त्यांच्यात एका अंशाचाही मतभेद नाही. तरीसुद्धा तिघे म्हणतात, ‘सूर्य अकराव्या घरात आहे; याला मित्रांचे पाठबळ मिळेल, आशा सफल होतील.’ उरलेले तिघे म्हणतात, ‘सूर्य बाराव्या घरात आहे, याने गुप्त शत्रूंपासून आणि बंधनापासून जपावे.’

मग गणित कोणाचे चुकले? गंमत अशी की कोणाचेच चुकलेले नाही. असे का व्हावे, हे समजण्यासाठी थोडी भूमिती लागते आणि ती तुमच्या आवाक्यातली आहे.

आकाशातील खऱ्या रेषा

मोकळ्या मैदानात उभे राहा. चोहोबाजूंनी आकाश जमिनीला टेकल्यासारखे दिसते ते वर्तुळ म्हणजे क्षितिज. आता उत्तर दिशेपासून थेट डोक्यावरून दक्षिणेपर्यंत एक कमान कल्पनेने काढा. हे याम्योत्तर वृत्त. सूर्य या कमानीवर आला की माध्यान्ह होते. तिसरे वर्तुळ म्हणजे क्रांतिवृत्त. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गाने सरकताना दिसतो तो हा मार्ग. चंद्र आणि ग्रहही याच्याच आसपास फिरतात. पाश्चात्त्य ज्योतिषी वसंतसंपातापासून, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास सूर्य जेथे असतो त्या बिंदूपासून, क्रांतिवृत्त मोजू लागतात आणि त्याचे ३० अंशांचे बारा भाग करतात. या मेषादी बारा सायन राशी होत.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे क्रांतिवृत्ताचा नवानवा अंश पूर्व क्षितिजावर उगवत राहतो. दिलेल्या क्षणी जो अंश उगवत असतो त्याला लग्न म्हणतात. ग्रीक लोक त्याला ‘होरोस्कोपोस’, म्हणजे घटिका दाखवणारा, म्हणत. इंग्रजीतला ‘होरोस्कोप’ हा शब्द त्यावरूनच आला. तसेच क्रांतिवृत्ताचा जो अंश त्या क्षणी याम्योत्तर वृत्तावर असतो त्याला दशमबिंदू म्हणू. हे दोन्ही बिंदू खरे आहेत. दुर्बिणीने, घड्याळाने आणि त्रिकोणमितीने ते कोणालाही ठरवता येतात. त्यासाठी ज्योतिषावर विश्वास असण्याची गरज नाही.

आपल्या उदाहरणात लंडनचा अक्षांश ५१॥ अंश आहे. त्या क्षणी तेथे लग्न येते कर्क राशीचा सुमारे २६॥ वा अंश आणि दशमबिंदू येतो मेष राशीचा शून्य अंश. या दोहोंमधील अंतर मोजा. ते ९० अंश नसून ११६॥ अंश भरते! कारण क्रांतिवृत्त विषुववृत्ताशी सुमारे २३॥ अंशांनी कललेले आहे आणि लंडन विषुववृत्तापासून बरेच उत्तरेला आहे. त्यामुळे उगवतीपासून डोक्यावरच्या कमानीपर्यंतचा तुकडा कधी मोठा तर कधी लहान होतो. सगळ्या भांडणाचे मूळ या असमान तुकड्यात आहे.

बारा घरे कशासाठी?

सूर्य एका दिवसात क्रांतिवृत्तावर जेमतेम एक अंश सरकतो. म्हणून त्या दिवशी जगात जन्मलेल्या सर्व मुलांची सूर्यरास एकच असते. लंडनचे मूल, टोकियोचे मूल, मुंबईचे मूल, सगळ्यांची मिथुनच. मग प्रत्येकाचे भविष्य वेगळे कसे सांगायचे? त्यासाठी ज्योतिष्यांनी क्षितिजाला बांधलेली बारा घरे कल्पिली. यांनाच आपण स्थाने किंवा भाव म्हणतो. चोवीस तासांत प्रत्येक ग्रह या बाराही घरांतून फिरून येतो. त्यामुळे जन्माची जागा आणि वेळ बदलली की कुंडली बदलते. एखाद्याच्या कुंडलीत ‘त्याचे असे खास’ जे काही असते ते मुख्यतः या घरांमुळेच येते.

पहिले घर शरीराचे व स्वभावाचे, दुसरे धनाचे, तिसरे भावंडांचे, चौथे घरादाराचे, पाचवे संततीचे, सहावे आजाराचे, सातवे विवाहाचे, आठवे मृत्यूचे, नववे दूरच्या प्रवासाचे व धर्माचे, दहावे व्यवसायाचे व कीर्तीचे, अकरावे मित्रांचे व आशांचे, तर बारावे गुप्त शत्रूंचे व बंदिवासाचे, असे मानतात. पहिले घर लग्नापासून क्षितिजाखाली सुरू होते आणि बारावे घर पूर्व क्षितिजाच्या लगेच वर असते. उगवलेला सूर्य आधी बाराव्या घरात शिरतो, मग अकराव्यात, मग दहाव्यात आणि नंतर माथ्यावर येतो. ग्रीक ज्योतिषी अकराव्या घराला शुभ दैवताचे आणि बाराव्याला अशुभ दैवताचे घर म्हणत. तेव्हा या दोन घरांमधली भिंत चार अंश इकडे की तिकडे, याने भाकित पार उलटेसुलटे होऊ शकते.

आता ही भिंत कोठे बांधायची?

सहा कारागीर

पहिली रीत सर्वांत जुनी व सोपी. लग्न ज्या राशीत असेल ती सबंध रास म्हणजे पहिले घर, पुढची रास दुसरे घर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक ज्योतिषी बहुधा असेच करीत. हिला पूर्णराशी पद्धत म्हणू.

दुसरी समान घरांची रीत. लग्नाच्या अंशापासून ३०-३० अंश मोजत जायचे. येथेही सर्व घरे सारखी असतात. पण दशमबिंदू दहाव्या घराच्या दारात येईलच असे नाही. आपल्या लंडनच्या उदाहरणात तो चक्क नवव्या घरात जाऊन पडतो.

तिसरी रीत तिसऱ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ पोर्फिरी याच्या नावाने ओळखली जाते. लग्न आणि दशमबिंदू हे दोन खुंट पक्के धरायचे आणि त्यांच्यामधील क्रांतिवृत्ताचे सरळ तीन समान भाग करायचे.

पुढच्या दोन रीती समजण्यासाठी एक मोसंबे सोला. सर्व फोडी वर देठाशी व खाली बुडाशी एकत्र येतात. आता हे मोसंबे आडवे धरा. देठ उत्तरेला, बूड दक्षिणेला. आकाशाच्या गोलाच्या अशाच बारा फोडी करायच्या, आणि त्यांची टोके क्षितिजाच्या उत्तर व दक्षिण बिंदूंशी जुळवायची. या फोडींच्या कडा क्रांतिवृत्ताला जेथे छेदतील तेथे घरांच्या भिंती. प्रश्न एवढाच की फोडी सारख्या कोणत्या वर्तुळावर करायच्या? तेराव्या शतकातील इटालियन गणिती कॅम्पानस म्हणाला, पूर्व बिंदू, डोक्यावरचा बिंदू आणि पश्चिम बिंदू यांतून जाणाऱ्या वर्तुळावर. कारण निरीक्षकाभोवतीचे अवकाश सारखे वाटले पाहिजे. युक्लिडच्या भूमितीची लॅटिन आवृत्ती सिद्ध करणारा हाच तो कॅम्पानस. जर्मनीतील रेगिओमाँटानस (१४३६–१४७६) म्हणाला, नाही, खगोलीय विषुववृत्तावर. कारण आकाशाचे फिरणे त्या वर्तुळावरच एकसारखे मोजले जाते, दर दोन तासांना ३० अंश. युरोपात त्रिकोणमितीचा स्वतंत्र शास्त्र म्हणून पाया घालणाऱ्यांत याचे नाव मोठे आहे.

सहावी रीत प्लॅसिडस (१६०३–१६६८) याची. हा इटालियन साधू पाव्हिया येथील विद्यापीठात गणित शिकवीत असे. याने जागेऐवजी वेळेची वाटणी केली. कोणताही बिंदू उगवल्यापासून माथ्यावर येईपर्यंत जितका वेळ घेतो त्याचे तीन समान भाग करायचे. पहिला भाग बारावे घर, दुसरा अकरावे, तिसरा दहावे. आपल्या सूर्यावर हे करून पाहा. लंडनला त्या दिवशी सूर्य सुमारे ३ वाजून ५० मिनिटांनी उगवतो आणि १२ च्या सुमारास माथ्यावरच्या कमानीशी येतो. मधले ८ तास ९ मिनिटे. तिसरा हिस्सा २ तास ४३ मिनिटे. म्हणजे ६ वाजून ३३ मिनिटांच्या सुमारास सूर्य बारावे घर सोडतो. आपले मूल पावणेसातला जन्मले. तेव्हा सूर्याला अकराव्या घरात येऊन जेमतेम दहा-बारा मिनिटे झाली होती. सुइणीचे घड्याळ पाव तास पुढे असते तर?

आता सहाही कारागिरांची उत्तरे एकत्र मांडू. सूर्य मिथुन राशीच्या २० व्या अंशावर आहे हे लक्षात ठेवा. बारावे घर कोठे सुरू होते ते पाहा :

पूर्णराशी : मिथुन ० अंश. सूर्य बाराव्या घरात.
कॅम्पानस : मिथुन ११ अंश. सूर्य बाराव्या घरात.
पोर्फिरी : मिथुन १८ अंश. सूर्य बाराव्या घरात.
प्लॅसिडस : मिथुन २२ अंश. सूर्य अकराव्या घरात.
समान घरे : मिथुन २७ अंश. सूर्य अकराव्या घरात.
रेगिओमाँटानस : मिथुन २८ अंश. सूर्य अकराव्या घरात.

आकाश तेच, क्षण तोच, सूर्य तोच. एक भिंत मात्र ० पासून २८ अंशांपर्यंत सरकली, म्हणजे जवळजवळ सबंध रास!

घरांचा आकारही पाहण्यासारखा आहे. प्लॅसिडसच्या रीतीने या कुंडलीत अकरावे घर ४४ अंशांच्या आसपास, तर पहिले घर अवघे १६ अंशांचे होते. म्हणजे या क्षणी एखादा ग्रह ‘मित्रांच्या’ घरात सापडण्याची शक्यता ‘स्वतःच्या’ घरात सापडण्याच्या अडीचपटीहून अधिक. याला कारण मुलाचा स्वभाव नव्हे, लंडनचा अक्षांश! आपण जसजसे विषुववृत्ताकडे यावे तसतशी ही ओढाताण कमी होते. म्हणून मुंबईला निरनिराळ्या रीतींची उत्तरे लंडनपेक्षा सामान्यतः एकमेकांच्या जवळ येतात.

जेथे सूर्य मावळत नाही

विषुववृत्ताकडे न येता उलट उत्तरेला गेलो तर? रशियातील मुर्मान्स्क हे बंदर सुमारे ६९ अक्षांशावर आहे आणि तेथे अडीच लाखांहून अधिक लोक राहतात. जून महिन्यात तेथे सूर्य मावळतच नाही. आता प्लॅसिडसची रीत लावा. उगवल्यापासून माथ्यावर येईपर्यंतच्या वेळेचे तीन भाग करायचे आहेत. पण जो उगवतच नाही, कारण मावळलाच नव्हता, त्याची वेळ कोठून मोजायची? क्रांतिवृत्ताचे काही अंश तेथे कधी मावळत नाहीत आणि काही कधी उगवत नाहीत. त्या अंशांपुरते सूत्र उत्तरच देत नाही. विसाव्या शतकात जर्मनीतील वॉल्टर कॉख याने मांडलेल्या रीतीचेही ध्रुववृत्तापलीकडे हेच होते.

मुर्मान्स्कला मुले जन्मतात, शिकतात, लग्ने करतात, नोकरीला लागतात. त्यांच्या आयुष्यात विवाह आणि व्यवसाय आहेत, पण प्लॅसिडसच्या रीतीने त्यांच्यापैकी कित्येकांच्या कुंडलीत ती घरे आखताच येत नाहीत. निसर्गाचा खरा नियम असा एका अक्षांशाशी येऊन थांबत नाही. गुरुत्वाकर्षण मुंबईला आहे तसे मुर्मान्स्कलाही आहे. ध्रुवाकडे त्याचे मान किंचित वाढते, आणि ते का वाढते हेही सांगता येते.

मग एकच रीत जास्त का चालली?

गेल्या दोनशे वर्षांत इंग्लंड-अमेरिकेत प्लॅसिडसची रीत सर्वांत अधिक वापरात आली. तिच्या भाकितांची कोणी कसोशीने तपासणी केली आणि ती पहिली आली, असे काही घडले नाही. प्रत्येक बिंदूची वेळ काढून तिचे भाग पाडणे हे हाताने करण्याच्या दृष्टीने किचकट काम. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘राफेल’ या टोपणनावाने निघणाऱ्या वार्षिक ग्रहकोष्टकांत प्लॅसिडसच्या घरांचे तयार तक्ते छापलेले असत. हाताशी तक्ता होता, म्हणून रीत रूढ झाली. आज संगणकावर तर यादीतले नाव बदलले की क्षणात भिंती सरकतात.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. आजच्या महाराष्ट्रातील रोहिणीखंडच्या, अकराव्या शतकातील गणिती श्रीपतीच्या नावाने जी भावपद्धत चालते तिचे गणित पोर्फिरीसारखेच आहे. पण पोर्फिरीच्या रीतीत आलेला बिंदू घराची सुरुवात मानतात, तर श्रीपतीच्या रीतीत तोच बिंदू घराचा मध्य मानतात. आकडे तेच असूनही भिंत अर्ध्या घराने सरकली. विसाव्या शतकात मद्रासच्या के. एस. कृष्णमूर्तींनी सुरू केलेली कृष्णमूर्ती पद्धती मात्र प्लॅसिडसची घरे घेते.

ही अडचण जुन्या शहाण्यांनाही दिसत होती. ग्रहगतीचे नियम शोधणाऱ्या केप्लरने पोटापाण्यासाठी कुंडल्या मांडल्या. सेनापती वॉलेनस्टाइनची त्याने १६०८ मध्ये मांडलेली कुंडली प्रसिद्धच आहे. पण आकाशाच्या अशा बारा घरांच्या वाटणीला निसर्गात आधार आहे, असे त्याला वाटत नसे.

मापपट्टी बदलली तर

कोणी म्हणेल, ‘वैज्ञानिकही सोयीच्या रेषा आखतातच की!’ हे अगदी खरे आहे. उकळत्या पाण्याला सेल्सिअसच्या पट्टीवर १०० आणि फॅरनहाइटच्या पट्टीवर २१२ म्हणतात. शून्य रेखांश ग्रिनिचवर आहे तो १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरला म्हणून. आपले प्राचीन ज्योतिर्विद तो उज्जयिनीवरून मोजत. पण फरक ओळखा. २१२ म्हटले म्हणून पाणी हाताला अधिक भाजत नाही. उज्जयिनीपासून मोजले म्हणून मुंबईहून पुण्याचे अंतर वाढत नाही. पट्टी बदलली की आकडा बदलतो, घटना बदलत नाही; एका पट्टीवरून दुसरीवर जाण्याचे सूत्रही आपल्याजवळ असते. घरांच्या बाबतीत पट्टी बदलली की भाकितच बदलते. ‘मित्रांचे पाठबळ’ याचे ‘गुप्त शत्रू’ असे रूपांतर करणारे कोणतेही सूत्र नाही. ती दोन वेगळी विधाने आहेत आणि दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत.

मग अनुभवाने ठरवू या, कोणती रीत खरी? विज्ञानात हाच मार्ग आहे. प्रकाश कण आहे की तरंग, उष्णता हा द्रव आहे की गती, असे वाद प्रयोगांनीच पुढे गेले. घरांच्या सहा रीतींतली एकही मात्र इतक्या शतकांत प्रयोगाने बाद झाली नाही आणि एकही सिद्ध झाली नाही. त्या सगळ्या सुखाने शेजारी शेजारी नांदत आहेत. अमेरिकेतील शॉन कार्लसन यांनी सबंध कुंडलीचीच परीक्षा घेतली. ती डिसेंबर १९८५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्योतिष्यांना एक कुंडली आणि तीन व्यक्तींच्या स्वभावाची वर्णने देऊन, कुंडलीशी जुळणारे वर्णन निवडायला सांगितले. कोणते वर्णन कोणाचे हे परीक्षा घेणाऱ्यांनाही त्या वेळी माहीत नव्हते, म्हणजे नकळत खूण होण्याची भीती नव्हती. निदान निम्मी उत्तरे बरोबर येतील अशी ज्योतिष्यांची अपेक्षा होती. आली सुमारे एक तृतीयांश. डोळे मिटून चिठ्ठी उचलली असती तरी तेवढीच आली असती.

या विषयाचा तुमच्याशी संबंध आहे. दहावीचा निकाल लागला की ‘हिच्या पत्रिकेत विद्येचे स्थान बिघडले आहे, विज्ञान शाखा नको’ असे सांगणारे भेटतात. एखादे ठरत आलेले लग्न सातव्या-आठव्या घरातल्या ग्रहावरून मोडते. अशा वेळी वडीलधाऱ्यांशी हुज्जत घालू नका. तीन प्रश्न मात्र शांतपणे विचारा. ही रेषा कोणी आणि कशावरून आखली? ती दुसऱ्या मान्य रीतीने आखली तर उत्तर बदलते का? बदलत असेल, तर योग्य रेषा कोणती हे निरीक्षणाने ठरवण्याचा उपाय कोणता?

परीक्षेत ६० टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो आणि ५९ टक्क्यांना मिळत नाही, ही रेषाही माणसानेच आखलेली आहे. पण विद्यापीठ ती आपण आखली असे उघड सांगते आणि गरज पडली तर बदलते. ती ग्रहांनी आखली असे कोणी म्हणत नाही.

करून पाहा : एका मोसंब्यावर शाईने तिरके क्रांतिवृत्त काढा. मोसंबे उत्तर-दक्षिण आडवे धरून फोडींच्या कडा त्या वर्तुळाला कोठे कोठे छेदतात ते टाचण्यांनी दाखवा. मग वर्तुळाचा तिरपेपणा बदलून पुन्हा टाचण्या लावा. फोडी सारख्या असूनही टाचण्यांमधली अंतरे कशी लहानमोठी होतात, ते मोजून वहीत लिहा.